मागांच्या खडखडाटातलं खासगी बोलणं
मनातलं बोलायला शांतता लागते, असं थोर माणसं सांगत आली आहेत. त्यांनी नवागामच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत सासू-सासऱ्यांसोबत संसार केलेला नसावा. शिवणयंत्रात तेल घातलं की त्या वासाने मला नव्वदच्या दशकात हे कामाला होते तो पॉवरलूमचा कारखाना आठवतो. खोलीत नुसता सुस्कारा टाकला तरी सासूबाई "काय गं?" विचारायच्या, म्हणून मनातलं सगळं मी ह्यांना डबा द्यायला गेले की मागांच्या खडखडाटात बोलायची. कानाशी तोंड नेलं तर हे मागे सरत आणि माझ्या तोंडाकडे बघत राहत. मला तो लाजरेपणा वाटे. सासूबाईंनी मला शेतीकामाला गावी धाडायचं ठरवलं, त्या दुपारी मी ह्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "मला पाठवू नका. तुमच्याशिवाय माझा दिवस जात नाही." ह्यांनी बघितलं आणि मान खाली घालून तुटलेला धागा जोडायला घेतला. मी रडवेली होऊन निघाले, तर दाराजवळच्या मागावरचे म्हातारे कारागीर बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, गावले जाऊ नका. त्याले बी करमाव नही." "तुम्हाला ऐकू आलं?" "आठे ऐकू कोणले येस? आम्ही सगळा व्हट देखतस." म्हणजे इतके दिवस माझं बोलणं अख्खा कारखाना ओठांवरून वाचत होता! मी पदरात तोंड लपवून घर गाठलं. पण वहिनीला गावी का धाडतोस, असं जो तो विचारू लागल्यावर ह्यांना संध्याकाळी आईपुढे तोंड उघडावंच लागलं, "ती आठेच ऱ्हाई." मी राहिले. आता ह्यांना अजिबात ऐकू येत नाही, आणि वीज गेल्यावर भांडायचं असलं तर मला आधी मेणबत्ती लावावी लागते.