युद्धकैद्याचं बारसं

माझ्या बापाला भर कार्यक्रमात स्टेजवरून खाली उतरवलं. त्या दिवशी माझं डोकं जे सटकलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

पंधरा ऑगस्ट होता. आमच्या कुळगावातल्याच एका नगरसेवकानं मंडप घातला होता, माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देणार होता. बाबा एकाहत्तरच्या लढाईत पाकिस्तानात पकडले गेलेले, वर्षभर कैदेत राहून आलेले. असा माणूस आपल्या वॉर्डात आहे म्हटल्यावर नगरसेवक एवढा खूश की स्वतः घरी येऊन आमंत्रण देऊन गेला. येताना फक्त फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक आणा, बोलला. बाबांनी आदल्या दिवशी मिशा कापून घेतल्या. स्टेजवर पहिल्या रांगेत बसले. मग माइकवर बोलणाऱ्या मास्तरांनी बाबांची माहिती सांगायची म्हणून ते बुक उघडलं, वाचलं आणि नगरसेवकाच्या कानाला लागले.

"काका, जरा खाली बसता का? नंतर बोलवतो," नगरसेवक बाबांना म्हणाला.

नंतर कोण बोलावतंय! माझं पोळी-भाजीचं केंद्र आहे, दुपारचे डबे मार्गी लावून मी मंडपात पोचले तेव्हा बाबा शेवटच्या रांगेत बसून बाकीच्यांसाठी टाळ्या वाजवत होते. मला सगळ्यात जास्त राग त्या टाळ्यांचा आला. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "पलून गेलता असं लिवलंय बोलतात."

बुकात लाल शाईनं इंग्रजीत शेरा होता. अमुक काळ विनापरवाना गैरहजर, तेवढी नोकरी धरली नाही. हा माणूस तिकडे कोठडीत मार खात होता आणि इकडे कुणीतरी त्याची गैरहजेरी मांडत होता! अरे, रजेचा अर्ज द्यायचा कुणाकडे होता त्यानं? तिकडच्या सुभेदाराकडे? आणि लढाईच्या काळात गैरहजर, म्हणून लढाईचं पदकही नाही. बरोबरच्यांना मिळालं, ह्यांना नाही. बाबांना हे माहीत होतं का विचारलं, तर म्हणाले, इंग्रजी कुठं येतं मला, सही कर बोलले, मी केली.

मी त्याच आठवड्यात अर्ज केला. शेरा काढा, कैद मान्य करा, पदक द्या. पैशासाठी नाही, हे मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं. बाप जिवंत आहे तोवर गावानं त्याला पळपुटा म्हणणं थांबवावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

लष्कराच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज बघितला, बुक बघितलं, बाबांचं आधार कार्ड बघितलं आणि हसला. "मॅडम, ये तो दो आदमी हैं."

कारण बुकावर एक नाव आणि आधारवर दुसरं.

आता हे नावाचं प्रकरण ऐकून तुम्हीही हसाल. लहानपणी मी पण हसायचे. आमच्याकडे ते गमतीची गोष्ट म्हणूनच सांगायचे.

लढाईत बाबांचा पत्ता लागेना तेव्हा गावी तार आली, बेपत्ता म्हणून. आमचं मूळ गाव बदलापूरपासून आत, बारवी धरणाच्या बाजूला. काही महिन्यांनी त्याच पलटणीतला एक जवान रजेवर वांगणीला आला. त्यानं सांगितलं की बाबांच्या चौकीवरचं कुणी वाचलं नाही. माझ्या आजोबांनी भटजींना बोलावलं. प्रेत नव्हतं, म्हणून दर्भाचा माणूस केला, नदीवर नेऊन जाळला. दहावं, तेरावं, सगळं रीतसर. माझ्या आईचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. अजून नीट साडी नेसता येत नव्हती तिला.

आणि पुढच्या वर्षी कैद्यांची सुटका झाली तेव्हा बाबा भर दुपारी चालत गावात आले. लोकांनी दारं लावून घेतली. स्वतःच्या आईनं दार लावलं! भटजी म्हणाले, ज्याचा पिंड पडला त्याला घरात घेता येणार नाही, त्याला नवा जन्म घ्यावा लागेल. तोवर बाबा गुरांच्या गोठ्यात राहिले. तिकडच्या कोठडीतून सुटले ते आमच्या गोठ्यात आले म्हणा ना.

मग बारसं झालं. वाढलेला गडी पाळण्यात मावणार कसा? म्हणून वाशाला गोधडी बांधून तिचा झोका केला, त्यात बाबांना निजवलं, पाच बायकांनी पाळणा म्हटला. माझ्या आत्यानं कानात नवं नाव सांगितलं. जुनं नाव पुन्हा कुणी उच्चारायचं नाही, ते मेलेल्याचं नाव. मग आईशी पुन्हा लग्न लावलं. गोष्टीत ह्या ठिकाणी सगळे हसायचे. पण आई एकदा मला एकटीला म्हणाली होती की रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, तसे बाबा झोक्यातून उडी मारून कोपऱ्यात गेले आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसले. बायका हसत होत्या. त्यानंतर मला कधी हसू आलं नाही.

रेशन कार्ड, मतदार यादी, माझा शाळेचा दाखला, सगळीकडे नवं नाव लागलं. पलटणीत मात्र जुनंच राहिलं. पुढे लवकरच त्यांना घरी पाठवलं, तेव्हा बुक मिळालं ते जुन्याच नावानं. मग अंबरनाथला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून राहिले, नव्या नावानं.

हे सगळं मी कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, "नाम बदलने का गॅझेट कहाँ है?" गॅझेट! गोठ्यात बसलेल्या माणसाला गॅझेट काढायला पाठवायला हवं होतं नाही का?

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये ॲफिडेव्हिट करायला गेले. टायपिंगवाला सिंधी, भला माणूस, ऐकता ऐकता टाइप करायचाच थांबला. "दीदी, झूला मत लिखो. साहब लोग हसेंगे. लिखो, धार्मिक कारणास्तव." तसं लिहिलं. कचेरीनं तेही परत केलं. शेवटी सुनावणी ठरली आणि सांगितलं, लढाईच्या आधीपासून ओळखणारा नातेवाईक आणा. तो समोर येऊन दोन्ही नावं सांगेल आणि हाच तो माणूस म्हणेल, तर बघू.

आजी-आजोबा गेले, काका गेले, आत्या गेली. उरली कोण? आई.

आणि आई नाही म्हणाली.

"त्या नावाचा तेरावा झालाय. त्या नावानं पिंड परलाय. मना परत रांड कराचंय काय तुमाना?"

मी समजावलं, चिडले, भांडी आपटली. आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो करत नाहीत, पण नाव घेत नाहीत. ते तर मेलेलं नाव. तिच्या मनात पक्कं बसलेलं की ते नाव तोंडातून निघालं की त्याच्यामागे मरण घरात येणार. मी तिला काय काय बोलले! अडाणी बोलले, जुनाट बोलले. "जल्ला तुजा शिक्षान," असं म्हणून ती पीठ मळायला बसली.

बाबा ओट्याशी उभे राहून ऐकत होते. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस. त्या दिवशीही चढवला नाही.

"तिकडं पकडल्यावर तीनच गोष्टी सांगायच्या असतात," ते आईला म्हणाले. "नंबर, रँक, नाव. बाकी कायपन इचारू दे, तोंड उघडायचं नाय. उलटं टांगून मारलं मना. तरी तेवढंच सांगितलं. नंबर, रँक सरकारचे होते, सरकारनं परत घेतले. नाव तेवढं माझं होतं. ते मी तिथनं जिवंत घेऊन आलतो. आनि तुमी मना गोधडीत घालून एका सकाळीत काढून घेतलंत."

असं ते कधीच बोलले नव्हते. उलटं टांगल्याचं मला ठाऊकच नव्हतं. मला आजोबांचा राग आला, भटजीचा आला, लाल शाईवाल्याचा आला, नगरसेवकाचा आला, आणि कुणीच समोर नव्हतं. आई पीठ मळतच राहिली. बराच वेळ. पीठ मळून कधीच झालं होतं.

सुनावणीच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून बाहेर आली आणि तिनं चपला घातल्या.

कचेरीत टेबलापलीकडे एक साहेब आणि तोच कारकून. साहेब हिंदीत विचारी, मी आईला सांगी. यांचं आत्ताचं नाव काय? मी सांगितलं, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कारकून म्हणाला, मग सुनावणी कशी होणार? माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात आईनं नवं नाव घेतलं. मग न थांबता जुनं घेतलं. पूर्ण घेतलं, सासऱ्याचं नाव, आडनाव, गाव. एकेक शब्द वेगळा, जोरात, डोळे मिटून. बाबा खुर्चीत ताठ बसले.

साहेब म्हणाला, "लेकिन माताजी, ये वही आदमी है, ये आप कैसे कह सकती हैं?"

हे मला सांगावंच लागलं नाही. हिंदी तिला तेवढी कळते. ती उठून उभी राहिली.

"जाच्या नावानं माज्या हातांच्या बांगऱ्या फोरल्या, त्याला मी वलखनार नाय? तुमची बायको तुमाना कागद बघून वलखते काय?"

कारकुनानं मान खाली घातली. साहेबानं मला अर्थ विचारला. मी शब्दाला शब्द सांगितला, काही गाळलं नाही. त्यानं पेन उघडलं आणि तो लिहायला लागला.

आदेश यायला पावसाळा उलटून गेला. शेरा रद्द, युद्धकैद मान्य, पदक मंजूर. चूक 'प्रशासकीय त्रुटीमुळे' झाली, असं लिहिलंय. त्रुटी! शर्टाचं बटण तुटतं त्याला त्रुटी म्हणतात. माणसाला पन्नास वर्षं पळपुटा ठरवलंत, त्याला काय म्हणतात ते लिहा ना. माफीचा शब्द मी कागद उलटून मागे पण शोधला. नाही.

पदक आलं ते पोस्टानं, पुठ्ठ्याच्या खोक्यात. बरोबरच्या कागदावर जुनं नाव होतं. बाबांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. म्हणाले, परत वाच. परत वाचलं. आई आत भाकऱ्या थापत होती, ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून पिठाच्या हातानं बाहेर आली. बाबांच्या समोर उभी राहिली, ते जुनं नाव घेऊन त्यांना हाक मारली आणि म्हणाली, "तुजा नाव तुना दिला परत. आता मेलास तं माज्याशी गाठ हाय."