श्यामकांतरावांचा मऊ पोलेंटा

श्यामकांतरावांना सावकाश असं काही करताच येत नाही. बेहाल्यातल्या आमच्या इमारतीत मी लिफ्टची वाट बघत उभी असते, तोवर हे जिन्याने वर पोहोचून ओरडतात, "वृंदाताई, हरलात!" वय वर्षं अडुसष्ट. नोकरीतली शेवटची काही वर्षं गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत काढली आणि निवृत्त झाल्यावर इथलेच झाले. बाजारात बंगालीत घासाघीस करतात ती इतकी चुकीची, की भाजीवाला हसून हसून भाव कमी करतो.

अशा माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सांगायला नकोच. डिसेंबरात एके सकाळी मला जिन्यातच गाठलं. "कुणाला सांगणार नसाल तर सांगतो," म्हणाले आणि मी हो-नाही म्हणायच्या आत सांगूनही टाकलं. त्यांच्या बायकोचे, सुनीतीचे, उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले होते. हिरड्या भरल्याशिवाय कवळी मिळणार नव्हती आणि तोवर हे कुणालाही कळता कामा नये, अशी तिची सक्त ताकीद होती.

आम्हा चार मराठी घरांचं महिन्यातून एकदा एकत्र जेवण असतं. मागच्या वेळी ते सॉल्ट लेकला गुरुदत्त आणि सुरुचीकडे झालं, तेव्हा सुनीतीने उपास असल्याचं सांगितलं होतं. आता मराठी घरात उपास म्हणजे काय? सुरुचीने लगबगीने साबुदाण्याचे वडे तळून आणले, चांगले कुरकुरीत. मग सुनीतीला निर्जळी असल्याची थाप मारावी लागली. तो निर्जळी कुठला, हे सुरुची अजून कॅलेंडरात शोधत होती.

"या वेळची पाळी आमची," श्यामकांतराव म्हणाले. "ती म्हणते, तुम्ही सगळे जेवा, मी फक्त वाढते. अहो, महिना झाला, ती कुणासमोर घास घेत नाही. माझ्यासमोरसुद्धा नाही! भिंतीकडे तोंड करून पेज पिते." त्यांचा आवाज भरून आला. पण या गृहस्थाला दुःखसुद्धा सावकाश करता येत नाही. लगेच चेहरा उजळला. "म्हणून ठरवलंय, सगळ्यांनाच चावावं लागणार नाही असं जेवण! मी करणार! पोलेंटा! मक्याचा रवा, दूध, चीज. इटालियन!"

"मऊ भात करा की."

"मऊ भात केला तर विचारतील, कोण आजारी आहे? पोलेंटा केला तर विचारतील, रेसिपी काय?"

बिनतोड होतं.

न्यू मार्केटातून रवा आला. धुरकट वासाचं बँडेल चीज आलं, ते खारट म्हणून रात्रभर पाण्यात पडलं. पहिला प्रयोग चाखायला मला बोलावलं. त्यांनी रवा तुपावर खमंग भाजला होता, आधणाचं पाणी ओतून झाकण ठेवलं होतं आणि दणदणीत वाफ काढली होती. झाला छान मोकळा मक्याचा उपमा! "कसा सुटसुटीत झालाय!" म्हणून स्वतःवरच खूश. मी म्हटलं, "भाऊजी, सुटसुटीतच तर नकोय. सुनीतीच्या हिरड्यांना एकेक कणी टोचेल." चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला कच्चा रवा उकळत्या दूधपाण्यात चिमटीचिमटीने सोडला आणि पाऊण तास ढवळत उभे राहिले. हे श्यामकांतराव! ज्यांना लिफ्टसाठी थांबवत नाही! मी चमचा तोंडात घातला आणि खरं सांगते, काही करावंच लागलं नाही. जिभेवर विरघळला.

रविवार उजाडला. फोर्ट विल्यमहून मेजर सलील आणि त्याची बायको वेळेवर हजर. पोलेंटा तयार, लुसलुशीत. सोबत टोमॅटोचा दाट रस आणि लोण्यात शिजवलेला पालक. सॉल्ट लेकची मंडळी मात्र फ्लायओव्हरवर अडकलेली. मी म्हटलं, "हा पोलेंटा थांबायचा नाही, गार झाला की घट्ट होईल, वाढायला घ्या." त्यावर श्यामकांतराव, "पानं पूर्ण मांडली नाहीत, सगळे बसले नाहीत आणि वाढायचं? आपल्यात असं असतं का?" पातेल्यावर झाकण गेलं आणि पंगत थांबली.

गुरुदत्त-सुरुची आल्यावर झाकण काढलं, तर आत पिवळाधमक गोळा. डाव त्यात उभा राहिला!

"वा काका, मस्त थापला गेलाय," सलील म्हणाला. "वड्या पाडा. तव्यावर खरपूस भाजू!"

"तीळ लावून!" सुरुची ओरडली आणि तवा शोधायलाच निघाली. जो तो वड्यांवर तुटून पडायला तयार. श्यामकांतराव पातेलं पोटाशी धरून उभे. नको म्हणावं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण द्यायचं नाही हा शब्द दिलेला. जन्मात प्रथमच त्यांना बोलायला काही सुचेना.

सुनीती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग बाहेर आली.

"वड्या नकोत," ती म्हणाली. "मला दात नाहीत. सगळे काढलेत. यांनी हा खटाटोप मला तुमच्यात बसून जेवता यावं म्हणून केलाय."

मग सुरुची हळूच म्हणाली, "म्हणजे तो निर्जळी..."

"दातांचा होता," सुनीती म्हणाली.

हसण्याचा असा काही स्फोट झाला, की खालच्या मजल्यावरचे दत्ताबाबू चौकशीला वर आले. सुनीतीही हसत होती, भरल्या घरात, बोळकं उघडं टाकून. मला तर रडूच फुटलं.

मग काय धावपळ! सलीलने दूध तापवलं, सुरुचीने गोळा मोडला, गुरुदत्तने बाह्या सरसावून रवी फिरवली. श्यामकांतराव थेंबथेंब दूध सोडत सूचना देत होते. बघता बघता गोळा सैल झाला, चमकायला लागला, डावावरून ओघळायला लागला. पानं वाढली. सुनीतीला आम्ही मधोमध बसवलं.

तिने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. महिनाभर समोर येईल ती पेज मुकाट्याने गिळणारी बाई थांबली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "अहो, मीठ कमी आहे."

श्यामकांतराव डाव हातात घेऊन ताडकन उठले. डोळ्यांतून पाणी वाहतंय याचंही भान नव्हतं.

"ऐकलंत का? मीठ कमी आहे म्हणतेय!" त्यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि मीठ आणायला पळाले.