चिठ्ठीत निघालेली माणसं

नांदूरघाट सोडलं तेव्हा जीवात जीव नव्हता. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचं कडा झालं, नांदूरघाट झालं. सिरसाळा तेवढं उरलं होतं. ते फसलं तर प्रबंधाचं वर्ष वाया! पद्धत तशी सोपी. प्रत्येक वस्तीत चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची, सगळ्यांना तीच चित्रं दाखवून शब्द विचारायचे. जितके शब्द जुळतील तितकं दोघांच्या बोलीतलं अंतर कमी, आणि बोलींच्या नकाशावर ती माणसं तितकी जवळ. पण चिठ्ठीबाहेरचं माणूस घेतलं की सगळी आकडेमोड पाण्यात. जीपच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, माझा हात मात्र पिशवीतल्या रेकॉर्डरवरच.

सिरसाळ्यात भाऊरावकाकांकडे उतरले. काका मोठे बागायतदार. चिठ्ठ्यांत निघालेली नावं मी त्यांना आधीच कळवली होती. त्यात खुद्द त्यांचंही होतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी पुढे आली. ओसरीवर इस्त्रीचे कपडे घालून गुरुजी मंडळी बसलेली. चिठ्ठीतलं त्यात कुणीच नाही!

"तुमच्या चिठ्ठीत कोनबी निघतं, मॅडम," काका म्हणाले. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. हे लई शुद्ध बोलतेत."

ज्याचं अन्न खातोय त्याला नाही कसं म्हणायचं? तरी म्हणाले, "काका, मला चिठ्ठीतल्या सुमनबाईच हव्यात."

सुमनबाई भीमनगरातल्या (बौद्ध वस्ती), निवृत्त नर्स. काका कुरकुरत सोबत आले.

"भाऊराव, भाईर कावून (का) हुबे? या की आत," बाई म्हणाल्या.

"हितंच बरं हाय."

दोघांनी उत्तरं दिली; बाईंनी खाटेवरून, काकांनी उंबऱ्याबाहेरून. चहा काकांनी "आत्ताच झाला" म्हणून परतवला. मला शरम वाटली, आणि भीतीही. काका रागावून निघून गेले तर? मी पुढचं चित्र दाखवलं.

पुण्याला परतून आकडे मांडले. गाव तसं सुखरूप पदरात पडलं होतं. आणि साऱ्या जिल्ह्यात सर्वांत कमी अंतर निघालं ते सुमनबाई आणि काका यांच्यात.

काकांचा फोन आलाच. "झाला का नकाशा? मी कोनाजवळ आलो?"

मी सांगितलं. काका हळूच म्हणाले, "मला तिकडं कडा गावाजवळ घेता येत न्हाई का?"

सिरसाळ्यातल्या पुढच्या फेरीचं काम पुन्हा त्यांच्याच भरवशावर होतं.

"नाही, काका," मी म्हणाले. "तुम्ही दोघं एकाच गावचे आहात."