एकोणीस वर्षं ‘जागा नाही’

...हां, तर तो दार लावून घेणारा सुतार! नाताळच्या आधी त्यांच्या ख्रिस्ती वाडीत येशूच्या आईबापांचं, मरिया-योसेफाचं सोंग मिरवणुकीने दारोदार आसरा मागत फिरतं. सगळी दारं हाकलून देतात, शेवटचं तेवढं सगळ्यांना आत घेऊन चहा पाजतं. कुणी हाकलायचं, ते सोंग बसवणारे शाळेतले गुरुजी ठरवत. सुताराचा आवाज खणखणीत, म्हणून एकोणीस वर्षं त्याच्या नशिबी हाकलणंच. यंदा तरी आपली पाळी, म्हणून त्याने नवी बाकं ठोकली, बायकोने चहाचं आधण ठेवलं. मिरवणूक दारात आली आणि गुरुजी कुजबुजले, “शेवटचं दार शिंप्याचं हं!” सुतार फणफणत गरजला, “जागा नाही! चालते व्हा!”

“वा! राग अगदी खरा वाटला हो!” गुरुजी खूश.

“वाटला काय, गुरुजी? आत चाळीस जणांचा चहा उकळतोय, नि मी दारात उभा राहून जागा नाही म्हणतोय!”