दिल्लीत ळ पेरायला निघालेली बाई

मी अकोला सोडलं त्या दिवशी स्टेशनवर आमच्या घरची बावन्न माणसं होती. दोन-चार इकडे तिकडे, पण बावन्न म्हटल्याशिवाय ती गर्दी डोळ्यांपुढे उभी राहत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत, तेही थेट दिल्लीला, आमच्या घरातून पहिल्यांदाच कुणी चाललं होतं आणि ती मुलगी होती. त्यामुळे काकू, मावश्या, शेजारचे तर आलेच, पण ज्यांना दुसऱ्याच गाडीने जायचं होतं तेही मला आशीर्वाद देऊन गेले. चिवड्याचे डबे इतके जमले की बर्थ त्यांना दिला आणि भुसावळपर्यंत मी उभी होते. बाबा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. जन्मभर म्हशींशी बोललेला माणूस, त्यांचा आवाज खालच्या पट्टीत येतच नसे. गाडी हलली तसे खिडकीचा गज धरून चालत चालत म्हणाले, "सकाय-संध्याकाय फोन कर. अन् तिथं कोनाले भ्यायचं नाही."

हे मी जरा जास्तच मनावर घेतलं.

माझं नाव ज्ञानदा उमाळे. हे नाव घेऊन दिल्लीत उतरणं म्हणजे काचेची बरणी घेऊन कुस्तीच्या आखाड्यात उतरणं. पहिल्याच दिवशी साहेबांनी हजेरीत वाचलं, ग्यानदा उमाले. पलीकडच्या टेबलावरच्या बंगाली बाबूंना वाटलं, कुणी ज्येष्ठ ग्यान-दा, म्हणजे ग्यानदादा, येताहेत. आठवडाभर पुरुषांच्या बॅडमिंटन संघात माझी जागा राखून होती. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेले तर वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी शाळेला 'सकूल' म्हणत आणि माझ्या नावाला नुसतंच 'बेटे'. समोरचे बिहारी भाईसाहेब शर्माजींना 'सरमाजी' म्हणत, आणि शर्माजी निमूट ओ देत. एकट्या खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी पहिल्या झटक्यात स्वच्छ 'उमाळे' म्हटलं. मी त्यांना मिठीच मारली. त्यांना वाटलं, माझ्या घरी काही वाईट झालंय. त्यांनी मला बसवून कॉफी पाजली.

मग मी ठरवलं की दिल्लीला ळ शिकवायचा. जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडून द्या. धोब्याला शिकवलं, चौकीदाराला शिकवलं, साहेबांना तर सहीसाठी फाइल पुढे करण्याआधी शिकवलं. फळवाला इतका धसकला की मला केळी नुसती बोटाने दाखवू लागला. त्या हिवाळ्यात आमच्या सेक्टरमध्ये निम्म्या लोकांच्या जिभेत गोळे आले होते, आणि मार्केटमधले डेंटिस्ट मला बघून खुर्चीतून उठून नमस्कार करत. अकोल्याच्या मंडळींनो, तुम्ही हे वाचून एकमेकांना कोपर मारत असाल. थांबा, तुमचं येतंच आहे.

पुढे लग्न झालं, मयूर विहारमध्ये फ्लॅट घेतला, आणि तिथल्या मराठी मंडळाने माझ्यातला हा गुण बरोबर हेरला. गणेशोत्सवात मुलांची शुद्ध उच्चार स्पर्धा असते, तिची मी परीक्षक झाले. उतारा मीच लिहायची. त्यात तळं असायचं, बगळे, कमळं, केळीची बाग. सात ओळींत एकवीस ळ ठासून भरलेले. माझ्यासमोर पूजेची पितळी घंटा. मुलाचा ळ घसरला की मी ती वाजवायची आणि एक गुण कापायची. टाळ्या पडायच्या, आईबाप हसायचे, मुलं सोडून सगळ्यांना मजा यायची. असं नऊ वर्षं चाललं. माझ्यामुळे मयूर विहारची मराठी टिकून आहे, असं मी स्वतः कितीतरी लोकांना सांगितलं आहे.

दहाव्या वर्षी स्टेजवर माझी रेवा उभी राहिली. वय अकरा, जन्म दिल्लीचा. घरी छान घोटून घेतलं होतं, पण माइक पाहिला आणि तिच्या तळ्याचं तलं झालं, बगळ्यांचे बगले झाले. पोटच्या पोरीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी घंटा नेहमीपेक्षा जोरात वाजवली. एकवीस वेळा. सातवी ओळ संपेपर्यंत हॉल हसून लोटपोट. रेवाने उतारा पूर्ण केला, वाकून नमस्कार केला आणि खाली येऊन बापाच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने मराठी बंद केली. रुसवा नाही, आदळआपट नाही. मम्मी, खाना दे दो. मम्मी, मेट्रो कार्ड कहाँ है. मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. दिवाळी गेली, नाताळ गेला, तरी तेच. रविवारी बाबांचा फोन आला की आधी हीच झडप घालायची. आता स्पीकर चालू करून फोन माझ्यासमोर ठेवायची आणि आत जायची. बाबा विचारायचे, पोरगी काहून बोलत नाही, मह्यावर रागावली का? मी म्हणायची, अभ्यास आहे. एकदा न राहवून मी तिला दटावलं की या घरात मराठीच बोलायची. ती वहीतून मान न उचलता म्हणाली, "गलत बोलूँगी तो आप घंटी बजाओगे."

मी देवघरातली घंटा समईमागे सरकवली. दिल्लीत आल्यापासून माघार घ्यायची ही पहिलीच वेळ.

फेब्रुवारीत बाबा स्वतःच आले. पोरगी कशावरून रागावली ते पाहायला, असं स्पष्ट सांगून आले. दोन स्वेटर, वर मफलर, आणि पिशवीत इतकी तूरडाळ की आमच्या सोसायटीच्या लिफ्टने आधी नकार दिला. पहिल्याच रात्री जेवताना ते आपल्या चालीत सुरू झाले. सकायी गाडीत डोयाच लागला नाही, केयी चांगली भेटली नाहीत, आता पोरीची शाया पाहायची. रेवा जेवायची थांबली. एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उठली, देवघरातून घंटा आणली आणि माझ्या ताटाशी ठेवली.

"बजाओ ना, मम्मी. आबा गलत बोले. चार बार."

बाबांना काही कळेना. नवऱ्याने खाली बघत त्यांना स्पर्धेची हकीकत सांगितली. मला वाटलं, आता म्हातारा हसेल. बाबा हसले नाहीत. त्यांनी घंटा उचलली, गुरांच्या गळ्यातली पारखावी तशी उलटी करून पाहिली आणि रेवाला म्हणाले, "तुह्या मायले कॉलेजात जायेपर्यंत हे अक्षर येत नव्हतं. आमच्या घरात कोनालेच येत नाही. आमचं काय अडलं?"

हं, आता हसा अकोलेकरांनो. खरं आहे. दिल्लीला ळ शिकवणाऱ्या या बाईला तो घरून मिळालेला नव्हता. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात मी 'शाया' म्हणाले, तर पंगतीतल्या चाळीस मुली माझ्याकडे वळल्या. कदाचित सहा असतील. मला चाळीस दिसल्या. पुढचे तीन महिने बाथरूमच्या आरशासमोर मी जीभ वळवत होते आणि मेसमध्ये मुकाट जेवत होते. तेव्हाच्या मुकेपणाची गोष्ट मी या घरात कधी केली नव्हती. त्या रात्री केली. रेवाने सगळं ऐकून एवढंच विचारलं की त्या मुलींकडे घंटी होती का. नव्हती, म्हटलं.

बाबा महिनाभर राहिले. त्या महिन्यात काय झालं ते व्याकरणवाल्यांनी ऐकूच नये. रेवाला आबांची मराठी जमली. माझी नव्हती जमत. ते 'जाऊन राहिलो' म्हणायचे, तिला त्यात आपलं 'जा रहा हूँ' दिसायचं, आणि ती बिनधास्त हाकायची, "आबा, मी पार्कमध्ये जाऊन राहिली, चलो ना यार." नात-आजोबांत 'यार' चालतं का, हे बाबांनी एकदाच मला विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही तिला यार म्हणू लागले. संध्याकाळी बाकावर बसून ते तिला दवाखान्यातल्या म्हशींच्या गोष्टी सांगायचे. मी शेजारी मटार सोलत बसायची आणि तोंड घट्ट मिटून ठेवायची. हे व्रत माझ्यासाठी किती कडक होतं, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

यंदाच्या गणेशोत्सवात मी परीक्षक होणार नाही, म्हणून कळवलं. मंडळाचे सचिव मूळचे पुण्याचे, सभ्य गृहस्थ, भाषेची खरी काळजी असलेले. त्यांनी दुःखाने मान हलवली आणि ती खुर्ची स्वतः घेतली. रेवाने नाव दिलं होतं. उतारा नको म्हणाली. आबांची म्हैस सांगणार. स्टेजवर येऊन तिने सुरू केलं: एक म्हैस होती, ती इंजेक्शनला घाबरायची, सुई दिसली की पळून जायची आणि तल्यात जाऊन बसायची. सचिवांनी माइक उचलला. बाळ, तळ्यात. पुन्हा म्हण. रेवा पुन्हा म्हणाली, तल्यात. ते प्रेमाने म्हणाले, जीभ वळव, तळ्यात. हॉलमध्ये हसू फुटायला लागलं, आणि पोरीचे डोळे दाराकडे गेले.

मी तिसऱ्या रांगेत होते. उठले कधी ते कळलं नाही. वीस वर्षं घासून गुळगुळीत केलेली माझी परीक्षकाची मराठी त्या क्षणी तोंडात सापडलीच नाही. जे सापडलं ते बाहेर आलं, तेही बाबांच्या पट्टीत.

"बोलू द्या ना तिले. म्हैस कुठी गेली ते समजलं ना साऱ्याईले? मंग काहून अडवून राहिले?"

सचिव चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, कारण ही बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मीही बऱ्याच वर्षांनी पाहत होते. मागच्या रांगेतून कुणी बाई म्हणाली, आमच्याकडे तर तळ्याला तयंच म्हणतात. कुणी म्हणालं, मुलीला पुढे सांगू द्या. सचिवांनी माइक खाली ठेवला. रेवाने मला हाताने खाली बसायची खूण केली, अगदी मोठ्या बाईसारखी, आणि म्हशीला पुन्हा पाण्यात उतरवलं. शेवट सांगताना ती एक वाक्य मराठीत, एक हिंदीत आणि एक चक्क हंबरून बोलली. बक्षीस मिळालं नाही. शुद्धतेचे गुण शून्य, आणि ते योग्यच होते.

तेव्हापासून आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये फार गोंगाट असतो. गावाकडून येणाऱ्यांना आमच्या पोरीची मराठी कानाला टोचेल, आणि इथल्या जुन्या मंडळींना माझी टोचते आहे, कारण मी आता सभेतही वऱ्हाडी सोडत नाही. टोचू द्या. मी जे शिकले ते विसरले नाही, ळ अजूनही असा म्हणते की आर. के. पुरमच्या मामी तिथून दाद देतील. पण घर कुठलं, असं कुणी विचारलं की आता मी अकोला म्हणत नाही आणि दिल्लीही म्हणत नाही. सांगते, रविवारी सकाळी मयूर विहारला या. फोनवर तिकडून एक म्हातारा ओरडत असतो, इकडून एक पोरगी ओरडत असते, दोघंही चुकत असतात, आणि मला मध्ये बोलायला जागा मिळत नाही.