जमिनीच्या बदल्यातली नोकरी

राजुऱ्याच्या बसमध्ये ती रोज माझ्याशेजारी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. घरची जमीन कोळसा खाणीत गेली, बदल्यात नोकरी तिला मिळाली. लग्न झालं तर नोकरी परक्या घरी जाईल, ही तिच्या आईची धास्ती. म्हणून खाणीतला तिचा सोबती मागे बसे, आणि दोघं एकमेकांकडे मुळीच बघत नसत. त्यावरूनच मी ओळखलं.

एकदा तिची आई सोबत होती, आमच्याच बाकावर. मुलगी उठली आणि त्याला हाताला धरून पुढे घेऊन आली.

"आई, याच्याशी लग्न करून राह्यली मी. नोकरी आपल्याच घरी राहीन, आन् हा बी."

आईने त्याला नीट न्याहाळलं. "म्हशीचं दूध काढता येते काय तुले?"

"येते, मावशी."

"मंग उभा काऊन? बस."

आईने दाखवलेली जागा माझी होती. मी आनंदाने उठले.