मागनं येणारा

पहिली मोटारसायकल घेतली, तेव्हा आईने एकच बजावलं, "उसाच्या ट्रॉलीपासून जप." अंधारात तिच्या मागे दिवा नसतो.

त्या हंगामात, आष्ट्याच्या चौकात, दिवेलागणीला एक पाय ओढत चालणारा म्हातारा रोज दिसायचा. ट्रॉली थांबली की तो तिचा मागचा पत्रा धोतराच्या सोग्याने पुसायचा, चकाकणारी लाल पट्टी चिकटवायचा आणि तळव्याने बराच वेळ दाबून धरायचा.

"ट्रॉली तुमची का?" मी एकदा विचारलं.

"ट्रॉली कुणाची का असंना, मागनं येणारा आपलाच की." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्या टायमाला पट्टी न्हवती."

मग माझी कोरी गाडी न्याहाळून त्याने उरलेला तुकडा माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटच्या मागे दाबून बसवला.

गाडी चालवताना ती पट्टी मला दिसत नाही. तो तळवा मात्र अजून डोक्यामागे जाणवतो.